सोपा कोणत्या रकान्यात?

कोडोलीतल्या एका जुन्या घराचा नकाशा आम्ही संगणकावर काढत होतो. कोडोली हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यातले मोठे गाव, शेजारीच वारणानगर. घर त्या भागातल्या जुन्या घरांसारखेच होते. भेंड्यांच्या म्हणजे कच्च्या विटांच्या जाड भिंती, वर कौले, पुढे सोपा, मध्ये माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर व न्हाणी, मागे परडे. सोप्याच्या बाजूला भिंतीला भिंत लागून म्हशींचा गोठा. आम्ही फितीने मापे घेतली, भिंती संगणकात भरल्या आणि प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ मागितले. माजघर आले, स्वयंपाकघर आले, न्हाणीसुद्धा आली. सोपा मात्र यादीत नव्हता.

घरातल्या आजी पडद्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, आल्यागेल्याला बसायची जागाच न्हाई म्हणतोय व्हय तुमचा कंपूटर?"

चूक संगणकाची नव्हती, आमची होती. सोपा म्हणजे काय, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. सांगायला बसलो, तेव्हा लक्षात आले की ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. सोपा ही खोली म्हणावी की ओसरी? तो घराच्या आत आहे की बाहेर? पाहुणा सोप्यात बसतो तेव्हा तो घरात आलेला असतो, पण माजघरात आलेला नसतो. बोलीभाषेत असे अर्धवट उत्तर चालते. संगणकाला मात्र रकाना भरून हवा असतो.

इमारतीतील जागांचे आणि घटकांचे वर्गीकरण संगणक कसे करतो, ते या सोप्याच्या निमित्ताने पाहू या. वर्गीकरण हा विषय शाळेत प्राणी, वनस्पती आणि मूलद्रव्ये शिकवताना येतोच. पण आपण ज्या घरात राहतो त्याचेही वर्गीकरण होत असते आणि त्यावर पैसा, परवानगी व सुरक्षितता अवलंबून असते, हे सहसा ध्यानात येत नाही.

रेघांपासून वस्तूंकडे

संगणकाच्या पडद्यावर चित्र काढून त्यात बदल करण्याची सोय इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ या प्रणालीत करून दाखवली. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि पुढे वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांतील ड्रॉइंग बोर्ड हळूहळू मागे पडले. पण या नकाशात असायच्या त्या केवळ रेघा. दोन समांतर रेघा पाहून ‘ही भिंत’ असे म्हणायचा तो नकाशा वाचणारा माणूस. संगणकाच्या लेखी भिंतीची रेघ आणि पायवाटेची रेघ यांत काहीच फरक नव्हता. फार तर भिंतीच्या रेघा एका थरावर आणि दारांच्या दुसऱ्या थरावर ठेवून त्या थरांना नावे देता येत.

चार्ल्स ईस्टमन आणि इतर काही संशोधकांनी १९७०च्या दशकातच वेगळा विचार मांडला होता. संगणकात इमारतीचे चित्र साठवण्याऐवजी इमारतीचे वर्णन साठवावे, असा तो विचार. हंगेरीत तयार झालेले ‘आर्किकॅड’ १९८०च्या दशकात आणि ‘रेव्हिट’ २००० साली आले, ते याच वाटेने. अशा प्रणालीत आपण रेघ ओढत नाही, भिंत उभी करतो. तिला जाडी, उंची आणि साहित्य असते. भिंतीत खिडकी बसवली, तर तेवढे भोक आपोआप पडते. भिंत काढून टाकली, तर खिडकीही जाते. ‘या घराला विटा किती लागतील?’ असे विचारले की संगणक घनफळ काढून उत्तर देतो.

हे शक्य होते, कारण प्रत्येक वस्तू ‘कोण आहे’ हे संगणकाला ठाऊक असते. म्हणजेच तिचा वर्ग ठरलेला असतो. वर्ग चुकला की हिशेबही चुकतो. छताची फरशी जर ‘जमीन’ म्हणून नोंदवली गेली, तर छपरातून आत येणाऱ्या उष्णतेच्या हिशेबात छप्परच सापडत नाही. आमच्या घराला कौलांचे उतरते छप्पर होते, त्यामुळे ही अडचण आली नाही. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या कोरड्या भागातील माळवदाच्या घरात ती नक्की येते. माळवद खालच्यांचे छप्पर असते आणि वर धान्य वाळत घालणाऱ्यांची, उन्हाळ्यात झोपणाऱ्यांची जमीनही असते.

वस्तू आणि पोकळी

इमारतीत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. भिंत, दार, खांब, तुळई, कौल हे झाले घटक. त्यांना हात लावता येतो, ते विकत आणता येतात. दुसरा प्रकार म्हणजे या घटकांनी वेढलेली पोकळी. तिला वास्तुशास्त्रात ‘अवकाश’ म्हणतात. आपल्या तत्त्वज्ञानात घटाकाश आणि मठाकाश असे दोन शब्द आहेत. घड्यातले आकाश ते घटाकाश आणि वास्तूतले आकाश ते मठाकाश. बांधकामाचा खर्च घटकांवर होतो, पण आपण राहतो ते मठाकाशात.

संगणक अवकाश ओळखतो तो त्याच्या सीमांवरून. चार भिंतींच्या कडा धरत तो फिरतो आणि जिथून निघाला तिथे परत आला, की त्या बंद आकृतीला खोली मानतो. माजघराच्या बाबतीत असेच झाले. सोप्याला मात्र पुढच्या बाजूला भिंत नव्हती, नुसते लाकडी खांब होते. कडा धरून निघालेला संगणक खांबांच्या मधून बाहेर पडला आणि अंगणात हरवला. सोपा यादीत नव्हता तो यामुळे.

याला उपाय आहे. घटकांच्या यादीत ‘आभासी सीमा’ नावाचा एक वर्ग असतो. ती भिंत नव्हे. तिला विटा लागत नाहीत, ती उष्णता अडवत नाही. ‘इथे एक अवकाश संपतो आणि दुसरा सुरू होतो’ एवढेच ती सांगते. खांबांच्या रांगेत आम्ही अशी सीमा घातली आणि सोपा यादीत आला. लगेच पुढचा रकाना समोर ठाकला : ‘आतील की बाहेरील?’

त्याआधी एक सोपा वाटणारा प्रश्न सोडवू. सोपा आणि गोठा यांच्यामधली भिंत कोणाची? ती सोप्याची म्हणून नोंदवली, तर गोठा एका बाजूने उघडा पडतो. दोघांचीही म्हणून दोनदा नोंदवली, तर विटा दुप्पट होतात. म्हणून या प्रणालींत भिंत सहसा खोलीच्या नावावर नसते, मजल्याच्या नावावर असते. जागा, तिच्यावर इमारत, इमारतीत मजले आणि मजल्यात अवकाश अशी ही उतरंड असते. भिंत मजल्याची, सोपा व गोठा हे दोन्ही अवकाश तिच्याशी ‘सीमा’ या नात्याने जोडलेले. अशा रीतीने भिंत एकदाच मोजली जाते आणि दोन्हीकडे असते. भाऊबंदकीतल्या सामाईक भिंतीचा प्रश्न इतका सहज सुटता, तर किती बरे झाले असते!

रंगनाथन यांचे बोल्ट

आता मूळ अडचणीकडे येऊ. एकाच वस्तूला अनेक वर्ग असू शकतात. आमच्या घराची बाहेरची भिंत साहित्याने पाहिली तर मातीची, कामाने पाहिली तर भार वाहणारी, जागेने पाहिली तर बाह्य. मग तिला कोणत्या कप्प्यात ठेवायचे?

ही अडचण इमारतींच्या आधी पुस्तकांना आली. मेलव्हिल ड्यूई यांनी १८७६ साली ग्रंथालयांसाठी दशांश वर्गीकरण तयार केले. त्यात विषयांची उतरंड आणि त्यांचे क्रमांक आधीच ठरलेले असत. पुस्तकाने त्यांतला एक कप्पा निवडायचा. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले गणिताचे प्राध्यापक शियाली रामामृत रंगनाथन १९२४ साली अभ्यासासाठी लंडनला गेले होते. तेथील सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी ‘मेकॅनो’ हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच नट-बोल्ट वेगवेगळ्या रीतींनी जोडून नवनवी खेळणी होत होती. विषयांचेही असेच करता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यात विषयाचे अनेक पैलू वेगवेगळे सांगायचे आणि ते विरामचिन्हांनी जोडायचे. त्यांतले मुख्य चिन्ह द्विबिंदू. जणू मेकॅनोतला बोल्टच.

पैलूंनी वर्गीकरण करण्याचा हाच विचार बांधकामाच्या क्षेत्रातही रुजला. स्वीडनमध्ये १९५०च्या सुमारास ‘एसएफबी’ ही पद्धत आली. तिचे ब्रिटिश रूप १९६८ साली आणि त्यानंतरचे ‘युनिक्लास’ १९९७ साली आले. युनिक्लासच्या २०१५ सालच्या आवृत्तीत अवकाश, तिथे चालणारे काम, घटक आणि वस्तू यांची कोष्टके वेगवेगळी आहेत.

हे वेगळेपण किती उपयोगाचे आहे, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. शाळेची खोली एरवी वर्ग असते, निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्र होते. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीत महापूर आला, तेव्हा अनेक शाळांतून पूरग्रस्तांची सोय केली गेली. खोली तीच, काम वेगळे. ‘खोली’ आणि ‘काम’ एकाच रकान्यात कोंबले, तर दर वेळी खोलीचे बारसे करावे लागेल.

संगणकातही हाच मार्ग पत्करला आहे. एका प्रणालीतील इमारत दुसरीला वाचता यावी, म्हणून ‘आयएफसी’ नावाची समाईक भाषा १९९०च्या दशकाच्या मध्यापासून विकसित झाली आणि २०१३ साली ती ‘आयएसओ १६७३९’ या आंतरराष्ट्रीय मानकात आली. तिच्यात प्रत्येक भिंतीला जन्मतःच बावीस अक्षरांची स्वतंत्र ओळख मिळते. भिंतीला ‘भिंत’ हा मूळ वर्ग असतोच. शिवाय एकाच वेळी अनेक पद्धतींतील वर्ग तिला चिठ्ठ्यांसारखे चिकटवता येतात. एक चिठ्ठी अंदाजपत्रकासाठी, एक अग्निसुरक्षेसाठी, एक देखभालीसाठी. आर्किकॅडमध्ये अशा अनेक चिठ्ठ्या लावण्याची सोय २०१७ सालच्या आवृत्तीत आली. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने त्रिमिती प्रतिकृतीला वेळापत्रक आणि खर्च जोडण्याची पद्धत वापरली. वेळ आणि खर्च या चौथ्या व पाचव्या मिती. प्रत्येक घटकाला नेमकी चिठ्ठी असल्याशिवाय ही जोडणी होऊच शकत नाही.

रकान्याची किंमत

वर्ग बदलल्याने काय फरक पडतो, हे आपल्या घराच्या आकड्यांवरून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून मापे पूर्णांकाजवळ आणली आहेत.

घराची आतली रुंदी ६ मीटर. खांबांच्या रांगेपासून मागच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत लांबी ९ मीटर. तिच्यापैकी सोपा २.४ मीटर, मग ०.६ मीटर जाडीची भिंत आणि पुढे ६ मीटरमध्ये माजघर, स्वयंपाकघर व न्हाणी. स्थावर संपदा कायदा (‘रेरा’), २०१६ मध्ये चटई क्षेत्रफळाची व्याख्या आहे. तिच्यात बाहेरच्या भिंती, व्हरांडा आणि उघडी गच्ची धरत नाहीत; आतल्या विभाजक भिंती मात्र धरतात. हा कायदा नव्या गृहप्रकल्पांसाठी आहे, कोडोलीतल्या जुन्या घराला तो लागत नाही. पण व्याख्या उदाहरणादाखल वापरू.

सोपा ही खोली मानली, तर क्षेत्रफळ ६ × ९ = ५४ चौरस मीटर.

सोपा हा व्हरांडा मानला, तर त्याचे ६ × २.४ = १४.४ चौरस मीटर वजा होतील. तेवढ्यावर भागत नाही. सोपा बाहेर गेला की त्याच्या मागची भिंत आतली राहत नाही, बाहेरची होते. मग तिचे ६ × ०.६ = ३.६ चौरस मीटरही वजा. उरले ३६.

एक वीटही न हलवता घर एक तृतीयांशाने लहान झाले! शिवाय एका अवकाशाचा वर्ग बदलताच शेजारच्या घटकाचा वर्गही बदलला. वर्ग असे एकमेकांत गुंतलेले असतात.

दुसरे उदाहरण परवानगीचे. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम निघाली आणि तिची २०१६ साली सुधारित आवृत्ती आली. तिच्यानुसार राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर आणि रुंदीला किमान २.४ मीटर असावी लागते, स्नानगृहाला १.८ चौरस मीटर पुरतात. म्हणजे नियम लावायच्या आधी ‘ही जागा कोणती?’ हे ठरावे लागते. पुण्याच्या सॉफ्टटेक या कंपनीच्या ‘ऑटोडीसीआर’ या प्रणालीने राज्यातल्या अनेक नगरपालिकांत नकाशांची तपासणी संगणकावर आणली. तिला नकाशा द्यायचा, तर प्रत्येक जागा ठरवून दिलेल्या नावाने दाखवावी लागते. अंधाऱ्या, कोंदट खोलीवर ‘कोठी’ असे लिहिले, तर संगणक तिला कोठीचाच नियम लावणार. उद्या तिथे म्हातारा माणूस झोपणार आहे, हे त्याला कोण सांगणार?

तिसरे उदाहरण आपत्तीचे. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये अशी मदत ठरली होती. अंशतः पडझड झाली असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. पंचनाम्याच्या कागदावर पडलेल्या भागापुढे ‘घर’ लिहिले की ‘गोठा’, यावर त्या कुटुंबाच्या पुढच्या पावसाळ्याची सोय ठरते. महापुरानंतर वारणाकाठच्या माणसाला वर्गीकरण हा पुस्तकी विषय वाटणार नाही.

कच्चे आणि पक्के

मग ‘कच्चे’ कशाला म्हणायचे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराच्या बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो : झोपडी किंवा मातीचे, दगड-विटांचे पण मातीत बांधलेले, चुना किंवा सिमेंटमध्ये बांधलेले पक्के, आणि आरसीसी. घरपट्टीची आकारणी करताना हा प्रकार पाहावा लागतो. कर बसवण्यासाठी ही विभागणी सोयीची आहे. पण आज गावोगावी अशी घरे आहेत की पुढचा भाग आरसीसी, मागचा भेंड्यांचा आणि मध्ये पत्रा. त्यांना एकाच कप्प्यात कसे बसवणार?

२०११ च्या जनगणनेने यावर चांगली युक्ती केली होती. घर कच्चे की पक्के, असा एकच प्रश्न विचारण्याऐवजी जमीन कशाची, भिंती कशाच्या आणि छप्पर कशाचे, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले. उत्तरे जोडून कोणालाही हवा तो गट नंतर करता येतो. उलट, सुरुवातीलाच ‘कच्चे’ एवढे लिहून ठेवले, तर भिंत मातीची होती की छप्पर गवताचे, हे पुन्हा शोधता येत नाही. पैलू वेगळे ठेवण्याचा रंगनाथन यांचा विचार तो हाच.

‘इतर’ नावाचा कप्पा

आमच्या नकाशात शेवटी काही गोष्टी उरल्या. परड्यातले तुळशीवृंदावन, जमिनीत पुरलेले उखळ, मातीची चूल, गोठ्यातली दावण. यांना प्रणालीत वर्गच नव्हते. आयएफसीमध्ये अशा अनाथ वस्तूंसाठी एक मोघम वर्ग आहे. आपल्या अर्जांतला ‘इतर’ हा रकानाच समजा. घाईत असलेला माणूस सगळेच त्यात टाकतो. पण त्यात टाकलेली वस्तू चित्रात दिसते, हिशेबात सापडत नाही. खर्च काढणाऱ्याला ती कळत नाही, धुराचा विचार करणाऱ्याला चूल दिसत नाही.

कोष्टके तयार झाली स्टॉकहोमला आणि लंडनला. त्यांत सोपा, माजघर आणि परडे नसावे, यात नवल नाही. त्यासाठी रागावण्याचे कारण नाही. आपले शब्द आपणच, नेमक्या व्याख्येसह, त्या चिठ्ठ्यांत घालायला हवेत. प्रणालीत तशी सोय आहे. काम माणसांनी करायचे आहे.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या मुलांना यासाठी संगणकाचीही गरज नाही. फीत, चौकटीचा कागद आणि पेन्सिल पुरे. प्रत्येकाने आपल्या घराचा नकाशा काढावा आणि जागांची यादी घरात वापरल्या जाणाऱ्या नावांनीच करावी. मग प्रत्येक जागेसमोर चार रकाने : ती कशाने वेढली आहे, तिथे काय काय चालते, ती आत की बाहेर, आणि ती कोणाची. त्यानंतर सोपा, ओटा किंवा व्हरांडा एकदा धरून आणि एकदा सोडून क्षेत्रफळ काढावे. दोन मुलांची उत्तरे जुळली नाहीत, तर लगेच एकाला चूक ठरवू नये. दोघांनी कोणता प्रश्न मनात धरला होता, ते आधी विचारावे. वटवाघूळ उडते, म्हणून त्याला पक्ष्यांत घालणारा मुलगा ‘काय करते?’ या प्रश्नाचे उत्तर देत असतो. जीवशास्त्र ‘कोणाच्या कुळातले?’ असे विचारत असते. आधी प्रश्न ठरवावा आणि मग वर्ग, ही शिस्त इथे घरच्या उदाहरणावरून अंगी बाणते.

कोडोलीच्या सोप्याचे शेवटी आम्ही असे केले. मूळ वर्ग ‘अवकाश’, नाव ‘सोपा’. सीमा तीन बाजूंनी भिंत, एका बाजूने आभासी. काम : बसणे, धान्य निवडणे, अभ्यास आणि पाहुण्यांचे झोपणे. उष्णतेच्या हिशेबासाठी ‘बाहेरील’, कारण वारा खेळता असतो. माणसे किती राहू शकतील, या हिशेबासाठी ‘राहण्याची जागा’. एका सोप्याला इतक्या चिठ्ठ्या लागल्या.

यादी आम्ही आजींना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आन् बाळंतिणीची खाट कुठं टाकत्यात, ते न्हाई लिवलं." आम्ही ते माजघरासमोर लिहिले.